आधी वजनकाट्यावर घाला, मग टेंट लावा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला सुट्टीच्या दिवशी गेलं की टपावर टेंट बांधलेल्या पिकअप गाड्या हल्ली बऱ्याच दिसायला लागल्यात, केए २२ पण आणि कोल्हापूरकडच्या एमएच ०९ पण. पोरं हौसेनं गाडी तयार करतायत, जंगलाकडं जाऊन राहतायत, मला त्याचा आनंदच आहे. पण मी उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे, या गाड्या कॅरियरला, कॅनोपीला (हौद्यावर बसवायचं बंद छप्पर), बंपरला आमच्याकडं येतात आणि काही गाड्या नंतर दुरुस्तीला पण येतात, म्हणून जे डोळ्यासमोर दिसतंय ते तुमच्या पेपरमधनं सगळ्यांना सांगावं वाटलं. पत्र थोडं लांबलंय, शक्य तेवढं छापा ही विनंती.

माझं म्हणणं एकच आहे. गाडीवर काय चढवायचं हे ठरवायच्या आधी गाडी किती वजन पेलते ते बघा. लोक टेंट कुठला घ्यायचा, लाईट किती लावायच्या, टायर किती मोठा बसेल हे सगळं विचारतात, वजनाचं कोणी विचारत नाही. पिकअप म्हणजे कितीही घाला चालतंय असा समज आहे, कारण आपण लहानपणापासून बोलेरो पिकअपमधनं भाजी, सिमेंट, खत सगळं जाताना बघितलंय. ती गाडी त्याच कामाला केलेली आहे, दीड-पावणेदोन टनाच्या पाट्याची (पाटे म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या). पण वी-क्रॉस किंवा हायलक्ससारखी पाच सीटची डबल केबिन गाडी घरच्या वापरासाठी म्हणून विकतात, तिचा हौदा दिसायला मोठा असला तरी माल पेलायची ताकद तेवढी नसते. कंपनीच्या पुस्तकात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन असे दोन आकडे असतात, त्यांच्यातला फरक तेवढाच तुमचा हिशोब, आणि त्यात आत बसलेली माणसं पण धरायची असतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता साधा हिशोब मांडून बघा. पत्र्याची कॅनोपी ८० किलो, वरचा टेंट ६०, टेंटखालचा रॅक ३०, लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढायचं वायरचं मशीन) मिळून ९०, हौद्यातले ड्रॉवर ६०, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, फ्रिज सामानासकट ४०, जादा बॅटरी ३०. झाले ४५० किलो. चार माणसं ७० किलोनं धरली तरी २८०. म्हणजे ७३० किलो, आणि अजून डिझेलचा कॅन, कपडे, भांडी, हत्यारं काहीच धरलेलं नाही. कितीतरी डबल केबिन गाड्या इथंच हद्दीबाहेर जातात आणि मालकाला वाटतं आपण फार काही लावलेलंच नाही.

परवा एक गाडी आली, तक्रार काय तर खड्ड्यातनं जाताना मागनं आवाज येतो. खाली वाकून बघायची पण गरज पडली नाही. केबिन आणि हौदा यांच्या मधली जी फट असते ती खाली बारीक आणि वर रुंद झाली होती, वरच्या बाजूला दोन बोटं आरामात जात होती. म्हणजे केबिनच्या मागं चासी वाकलेली. मागच्या बाजूला दार उघडतं तिथं स्टेपनी, दोन जेरीकॅन, शिडी असं सगळं टांगलेलं होतं आणि पाटे बसतात म्हणून कोणीतरी पाटा आणि चासीच्या मधे हवा भरायची रबरी एअरबॅग घालून दिलेली. एअरबॅगनं गाडी मागनं उचलते, दिसायला छान दिसते, पण पाट्याचं वजन चासीवर पुढं-मागं दोन ठिकाणी जातं ते आता मधल्या एकाच जागी दाबायला लागतं, आणि मागच्या चाकाच्या पलीकडं लोंबणारं वजन ते अजून वाढवतं. त्यात कच्च्या रस्त्याचे दणके. वाकलेली चासी सरळ करायला किती खर्च येतो ते विचारूच नका, आणि पहिल्यासारखी ताकद परत येत नाही.

म्हणून सांगतो, गाडी पूर्ण भरा, टाकी फुल करा, पाणी भरा, नेहमी जी माणसं बसणार आहेत ती बसवा आणि वजनकाट्यावर न्या. आपल्या भागात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, काटा कुठं शोधायला लागत नाही. पहिल्यांदा पूर्ण गाडी घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वेगळं वजन घ्या, मागचं किती ते वजाबाकीनं कळतं. पुस्तकातल्या पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या आकड्याशी ताडून बघा. थोड्याशा पैशात गाडीची खरी हालत कळते. एक जादा पाटा घालून घेतला म्हणून गाडीची कायदेशीर क्षमता वाढत नाही, ब्रेक तेच, चासी तीच, ॲक्सल तोच.

आणि जे न्यायचंच आहे ते खाली आणि केबिनला चिकटून ठेवा. पाण्याचे कॅन, बॅटरी, हत्यारांची पेटी हे सगळं हौद्याच्या पुढच्या भिंतीला, पट्ट्यानं घट्ट बांधून. वर टपावर हलकंच. टपाला किती वजन चालतं त्याचे पण दोन आकडे असतात, गाडी उभी असतानाचा मोठा आणि चालतानाचा खूप लहान, टेंट विकणारा नेहमी मोठा सांगतो. मला विचाराल तर दोघांसाठी टपावरचा टेंट लागतच नाही. हौद्यात चांगली गादी, वर लोखंडी पाईपची कमान आणि जाड ताडपत्री, आपल्याकडचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं असंच झोपतात की, आणि पावसात सुद्धा पाणी आत येत नाही.

पहिला पैसा टायरला घाला. ऑल टेरेन टायर (डांबरावर आणि कच्च्या रस्त्यावर दोन्हीकडं चालणारा), कंपनीनं दिलेल्या साईजचाच किंवा त्याच्या एकदम जवळचा, आणि त्याच्या बाजूवर लोड इंडेक्सचा, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा, जो आकडा असतो तो कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. आपली खानापूरकडची लाल माती ओली झाली की टायरच्या नक्षीत अशी भरते की टायर गुळगुळीत होतो, त्यावेळी मोठ्या टायरपेक्षा हवा कमी करायची अक्कल जास्त उपयोगी पडते. डांबरावर हवेचा दाब ३२-३५ पीएसआय असेल तर मऊ जागेत २०-२२ पर्यंत आणायची, टायर जमिनीवर लांब पसरतो आणि पकड येते. मात्र जांभा दगडाच्या टोकदार कडा आहेत तिथं फार कमी करू नका, बाजूनं कापतो. डांबरावर परत आल्यावर हवा भरायलाच पाहिजे, म्हणून बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर आणि विश्वासाचा हवेचा गेज जवळ ठेवा, कमी हवेवर जोरात पळवलं तर टायर तापून फुटतो.

अडकल्यावर ओढण्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथं माणूस मरू शकतो. आपल्याकडं गाडी रुतली की ट्रॅक्टरवाले मामा साखळी घेऊन मदतीला येतात, माणुसकी आहे, पण साखळी बंपरला नाहीतर खाली जो कडीसारखा हूक असतो त्याला अडकवतात. तो हूक बऱ्याच गाड्यांना ट्रेलरवर बांधून न्यायला दिलेला असतो, रुतलेली गाडी झटक्यानं ओढायला नाही. तो तुटला की साखळीसकट गोळीसारखा सुटतो. चासीला व्यवस्थित बोल्ट केलेला ओढायचा पॉईंट पुढं-मागं बसवून घ्या, नुसता वेल्डिंग मारलेला नको, मी स्वतः वेल्डिंगवाला असून सांगतो. शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) घेताना त्याच्यावर ४.७५ टन असा शिक्का कोरलेला बघूनच घ्या. झटका देऊन काढायचं असेल तर ताणला जाणारा कायनेटिक दोरच पाहिजे, साखळी किंवा वायररोप वापरून झटका कधीच नाही. ओढताना दोरावर ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर हटवा, मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांना पहिल्यांदा. फावडं आणि चाकाखाली घालायच्या दोन फळ्या असल्या तर निम्म्या वेळेला ओढायची गरजच पडत नाही. विंच नंतर बघा, तो घेतलाच तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकदीचा घ्या आणि झाडाला वायर थेट गुंडाळू नका, रुंद पट्टा लावा, झाडाची साल सोलून निघते.

वायरिंगचं थोडक्यात. दुसरी बॅटरी लावली की पॉझिटिव्ह वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज पाहिजे, दोन्ही टोकांना, कारण पत्र्याला घासून वायर उघडी पडली की डिझेल गाडी पण पेटते. ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ४० ॲम्पिअर अवर खातो, शंभर ॲम्पिअर अवरची साधी बॅटरी निम्मीच वापरायची असते म्हणजे दीड दिवस. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभरची बॅटरी १२-१३ किलोची येते, साधी ३० च्या आसपास, आणि तिच्यातला बराच जास्त करंट वापरता येतो, महाग आहे पण वजनाच्या हिशोबात बसते. गॅसची ५ किलोची टाकी बंद कॅनोपीत ठेवत असाल तर हवा जायला भोक खालच्या बाजूला पाडा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाला साठतो. आणि थंडीत बंद कॅनोपीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, त्याच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतनं माणूस उठत नाही.

कायद्याचं पण बघा. गाडी नोंदणीच्या कागदापेक्षा वेगळी करायची नाही असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. पुढच्या जाड पाईपच्या क्रॅश गार्डवर केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलेलं आहे, त्यात पायी चालणाऱ्याचा जीव जातो आणि आतल्या माणसांना वाचवणारी एअरबॅग पण वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. मी तसले गार्ड बनवून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. अपघातानंतर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा हेच बघतात.

आता सगळ्यात मनाला लागणारी गोष्ट. आपलं खानापूरकडचं भीमगड २०११ ला अभयारण्य जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, म्हादई इथंच उगम पावते, बारापेडेच्या गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ दुनियेत मोजक्याच ठिकाणी सापडतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय आत शिरता येत नाही आणि विस्तव पण पेटवता येत नाही. गाडी फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद जाणारी) आहे म्हणून ही परवानगी आपोआप मिळत नाही. आणि त्याच जंगलात आमगाव, गवाळीसारखी माणसं राहणारी गावं आहेत. २०२४ च्या जुलैत आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी तिरडीसारखी डोली करून पावसात चिखलातनं खांद्यावरून ॲम्ब्युलन्सपर्यंत आणलं, हे सगळ्यांनी वाचलंय. असल्या गावांच्या कच्च्या वाटेवर भर पावसात मड टायरची जड गाडी मजेसाठी घातली की गुडघाभर चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साठतं आणि दुसऱ्या दिवशी तिथनं दुधाचा कॅन घेऊन जाणाऱ्याची सायकल पण जात नाही. आपण व्हिडिओ काढून घरी येतो, वाट त्यांना दसऱ्यापर्यंत तशीच वापरायला लागते. जून ते सप्टेंबर या वाटा सोडून द्या. राहायचंच असेल तर अभयारण्याबाहेर एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या माळावर रहा, पैसे द्या, जेवण त्यांच्याकडंच सांगा, सामान पण तेवढं कमी न्यायला लागतं. डिसेंबरपासून पुढं पाचोळ्यात झोपू नका, पलीकडं सत्तरी आणि दोडामार्गला गोचिडीतनं येणारा माकडताप झालेला आहे. उरलेलं अन्न बाहेर ठेवू नका, अस्वल आहे आपल्याकडं.

वनखात्याला आणि तालुका प्रशासनाला तुमच्यामार्फत विनंती आहे की जांबोटी क्रॉस, खानापूर आणि कणकुंबीला मोठे फलक लावावेत, कुठली वाट कधी बंद, कुठं राहायला परवानगी, परवाना कुठल्या ऑफिसात मिळतो, आणि ते कानडीबरोबर मराठीत पण असावेत कारण या रस्त्यानं जाणारे निम्मे लोक मराठीच वाचतात. आरटीओनं पण गाडीत काय बदल चालतो आणि काय नाही याची यादी दोन्ही भाषेत ऑफिसच्या दारात लावली तर आमच्यासारख्या फॅब्रिकेशनवाल्यांना गिऱ्हाईकाला दाखवायला बरं पडेल. तुमच्या पेपरनं याचा पाठपुरावा करावा.

आपला नियमित वाचक,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक, उद्यमबाग, बेळगाव