तिकडे म्हातारपण सरकार सांभाळतं, हे अर्धंच खरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या ज्येष्ठांवर पेपरात काही छापून आलं की एक वाक्य हमखास असतं, तिकडे म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं. मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ होम केअरचं काम करते, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन त्यांना उठवणं, आंघोळ, गोळ्या, खाणंपिणं, त्यामुळे हे वाक्य दिसलं की राहवत नाही म्हणून आज लिहायला बसलेय.

दवाखाना फुकट आहे हे खरंय. ऑपरेशन असो नाहीतर कॅन्सर, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बिल येत नाही. पण त्याच माणसाला डिमेन्शिया झाला, कपडे घालायला आणि भरवायला रोज कोणीतरी लागायला लागलं, की ते सहसा एनएचएसच्या खात्यात येत नाही, ते सोशल केअर, ते बघणार कौन्सिल, म्हणजे आपल्याकडची महापालिका म्हणा. आणि कौन्सिल आधी तुमची शिल्लक बघते. 23,250 पौंडांच्या वर पैसे असले तर सगळा खर्च तुमचा. हा आकडा 2010 पासून जागचा हललेला नाही, महागाई कुठल्या कुठे गेली तरी! कायमचं केअर होममध्ये, म्हणजे सेवा देणाऱ्या वृद्धाश्रमात, जायची वेळ आली आणि घरात नवरा किंवा बायको मागे राहत नसेल तर बहुतेक वेळा राहतं घरसुद्धा हिशोबात धरतात. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथे 2002 पासून म्हाताऱ्यांची अंगची सेवा फुकट आहे, मी फक्त इंग्लंडचं सांगतेय.)

आता कौन्सिलला शिव्या घालणं सोपं आहे, मी पण घालते. पण तिची गोची बघा. 2014 च्या केअर ॲक्टने जबाबदारी कौन्सिलच्या गळ्यात आहे, गरज नियमात बसली की नाही म्हणता येत नाही. पैसा मात्र लंडनहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, येणार तेवढाच, आणि 2010 नंतर ते अनुदान जोरात कापलं. मग उरला काउन्सिल टॅक्स, आपल्या घरपट्टीसारखा, फक्त भाडेकरू असलात तरी तुम्हीच भरायचा. 2016 पासून त्यात खास सोशल केअरसाठी वेगळी टक्केवारी वाढवायला परवानगी दिली, बिलावर ती वेगळी लिहिलेली असते. पण हा टॅक्स घराच्या 1991 सालच्या किमतीवर ठरतो! ज्या भागात मोठी महागडी घरं तिथे एका टक्क्यात भरपूर पैसे जमतात, आणि जिथे लहान घरं, गरिबी, आजारी माणसं जास्त, म्हणजे जिथे खरी गरज, तिथे तोच एक टक्का चिल्लर. हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर 2023 मध्ये पैसे संपले म्हणून हात वर केले. त्याची मोठी कारणं वेगळी होती, समान पगाराचे जुने दावे आणि फसलेली कॉम्प्युटर सिस्टीम, पण कात्री लागली तेव्हा सोशल केअरलाही लागलीच, आणि पुढच्या वर्षी टॅक्स जवळजवळ 10 टक्के वाढला, त्याच्या पुढच्या वर्षी परत साडेसात. 2025 च्या कचरा कामगारांच्या संपात रस्त्यावर साठलेल्या कचऱ्याचे फोटो तुम्ही तिकडेही बघितले असतील. कचरा दिसतो हो, आजींची एक व्हिजिट कमी झालेली कुणाला दिसत नाही.

व्हिजिट म्हणजे काय तेही सांगते. दाराशेजारच्या छोट्या की-सेफवर कोड दाबून किल्ली काढायची, आत जाताना हाक मारायची, मग अर्ध्या तासात टॉयलेट, अंग पुसणं, डोसेटमधल्या (कप्प्यांच्या डबीतल्या) गोळ्या, टोस्ट, चहा आणि निघताना मोबाइलवर सगळी नोंद. आजींना मात्र बोलायचं असतं. काल रात्री झोप का लागली नाही इथपासून सुरुवात होते आणि मी चहा ओतता ओतता घड्याळ बघते. कौन्सिल हे काम खाजगी कंपनीकडून करून घेते आणि तिला तासाचा जो रेट देते त्यात पेट्रोल, सुट्टी, पगार सगळं बसवायचं, त्यामुळे अनेक कंपन्या एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळ पगारात धरतच नाहीत. त्यात एप्रिल 2025 मध्ये किमान पगार तासाला 12.21 पौंड झाला (व्हायलाच हवा होता) आणि मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारामागे सरकारला भरायचा हिस्सा, 13.8 वरून 15 टक्के. एनएचएसला त्याची भरपाई मिळाली, या कंपन्यांना नाही. केअर होममध्ये तर स्वतःच्या पैशाने राहणारा म्हातारा सहसा कौन्सिल ज्याचे पैसे भरते त्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त भरतो, खोली तशीच, जेवण तेच, कौन्सिलचा रेट पुरत नाही म्हणून.

माणसं मिळेनात म्हणून 2022 मध्ये केअर वर्करसाठी व्हिसा उघडला, भारतातून, नायजेरियातून, झिम्बाब्वेतून माणसं आली, काहींनी एजंटला लाखो रुपये मोजले. मार्च 2024 पासून नवरा-मुलांना आणायला बंदी, आणि जुलै 2025 मध्ये बाहेरून नवी भरतीच बंद. तिकडे कोणी अजूनही या कामाचा व्हिसा करून देतो म्हणत असेल तर एक रुपया देऊ नका, प्लीज.

आणि लंडनवाले? 2011 मध्ये सरकारनेच नेमलेल्या डिलनॉट कमिशनने सांगितलं की माणसाच्या आयुष्यभराच्या केअर खर्चाला वरची मर्यादा घाला. कायदा झाला, पुढे ढकलला, मग 86,000 पौंडांची मर्यादा ठरली, परत ढकलली, जुलै 2024 मध्ये नव्या सरकारने रद्दच केली. आता याच विषयावर बॅरोनेस केसी यांचं कमिशन बसलंय, शेवटचा रिपोर्ट 2028 पर्यंत. ऐंशीच्या माणसाने थांबायचं!

ज्यांचे काका-मावशी, सासू-सासरे इथे स्थायिक आहेत त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. पैसे कितीही असले तरी कौन्सिलकडून केअर नीड्स असेसमेंट, म्हणजे काय आणि किती मदत लागते याची तपासणी, फुकट करून घ्यायचा हक्क आहे, फोनवर टोलवलं तर लेखी मागा. आणि पेन्शनच्या वयाच्या माणसाला आजारपणामुळे आंघोळ, कपडे अशा स्वतःच्या गोष्टींत मदत लागत असेल तर अटेंडन्स अलाउन्स या भत्त्याचा फॉर्म भरा, तो कौन्सिल नाही तर केंद्र सरकार देतं आणि त्यात शिल्लक विचारत नाहीत. आपली माणसं भीक मागितल्यासारखं वाटतं म्हणून तो फॉर्म भरत नाहीत, मी कितीतरी घरांत बघितलंय.

आपली नियमित वाचक,
वेस्ट मिडलंड्स, इंग्लंड
(नोकरीमुळे नाव छापू नये ही विनंती)