ओवीच्या छातीतल्या आवाजाबद्दल

बोरिवली, मुंबई
२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट बोलणं होत नाही. मी सांगायला लागते, आई गप्प होते, बाबा घाईघाईने "पैशाची काळजी करू नकोस" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून पत्र. बाबा, आईला सावकाश वाचून दाखवा, तिने चष्मा अजून बदललेला नसणार.

आधी ठरलेलं सांगते. ओवीच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं नाही. डॉक्टरांचं आणि आमचं एकमत आहे, आणि ते पुढेही बहुधा लागणार नाही. दुसरं म्हणजे गणपतीला यंदा आम्ही चिपळूणला येत नाही. बाबा, नातीचा पहिला गणपती म्हणून तुम्ही काय काय मनात धरलं असेल ते मला माहीत आहे. त्याचं पुढे लिहिते, रागावू नका.

आई, तू सव्वा महिन्यानंतर परत गेलीस आणि लगेच दीड महिन्याच्या लशीला डॉक्टरांना मर्मर, म्हणजे हृदयातला तो जादा आवाज, ऐकू आला. तेव्हापासून तुझ्या मनात काय चाललंय ते मला न सांगता कळतंय. जन्मल्यावर सगळं ठीक होतं, मग माझ्या हातात असताना काय झालं? काही झालं नाही गं. तुझी मालीश नाही, धुरी नाही, बाळघुटी नाही. वन्संनी काढलेला तो ग्रहणाचा विषयही डोक्यातून काढून टाक. हृदय घडतं ते गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत. ओवीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छोटं भोक आहे, ते तेव्हाचंच. कशामुळे राहिलं, तर बहुतेक वेळा एका कारणावर बोट ठेवताच येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दर १,००० बाळांत साधारण ८ जणांच्या हृदयात जन्मतः काहीतरी कमीजास्त असतं, आणि त्यात हे भोकच सगळ्यात जास्त आढळतं.

मग जन्मल्यावर कसं कळलं नाही? मीही हेच विचारलं. पोटात असताना बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात, त्यामुळे तिकडच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मानंतरही काही आठवडे तिथला दाब चढाच राहतो, आणि फुप्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या उजव्या कप्प्यातलाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब जवळपास सारखा, म्हणून भोकातून रक्त जोरात जात नाही आणि आवाजही होत नाही. पुढे उजवीकडचा दाब उतरला की डावीकडचं रक्त तिकडे धावतं, तेव्हा तो ऐकू येतो. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मर्मर पहिल्यांदा कळणं म्हणूनच नेहमीचं आहे. तुझं जाणं आणि तो ऐकू येणं एकाच वेळी आलं, एवढंच.

बाबा, "आवाज मोठा आहे" हे समीरच्या तोंडून ऐकून तुम्ही धसका घेतलात. पोफळी शिंपताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी सूं करून लांब जातं, आठवतं? लहान भोकाचाच आवाज पुष्कळदा मोठा येतो. मोठ्या भोकाचा कधी कधी अगदी हलका येतो. म्हणून आवाजावरून घाबरायचं नाही, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काय दिसतं ते बघायचं. कितीतरी बाळांच्या छातीत असा आवाज येतो आणि इकोत हृदय अगदी ठणठणीत निघतं. आपल्या ओवीचं ३ मिलिमीटरचं भोक निघालं, तेही पडद्याच्या स्नायूच्या भागात. त्या भागातली लहान भोकं बहुतेक वेळा आपोआप बुजतात, पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच.

इकोला सुई नाही, दुखणं नाही. खोलीत अंधार होता. मी टेबलाच्या कडेला वाकून दुधाची बाटली तिच्या तोंडात धरली होती, आणि डॉक्टर जेल लावलेलं यंत्र बरगडीवर थोडं थोडं सरकवत होते. मशीनच्या स्क्रीनवर रक्त निळ्या-लाल रंगांत वाहताना दिसत होतं. एका जागी हात थांबवून त्यांनी ती बारीक धार मला बोटाने दाखवली. ओवी बाईसाहेबांना त्याचं काही नव्हतं, बाटली संपवून झोपून गेल्या.

आता जे फोनवर कोणीच बोलत नाही ते लिहिते. आई, इथे होतीस तेव्हा रोज सकाळी ओवीची मूठ उघडून तिची नखं खिडकीच्या उजेडात धरून बघायचीस. मी एकदाही विचारलं नाही. मला कळत होतं.

ओवीचं ताईसारखं नाही. डॉक्टरांनी घरातलं कोणी, असं विचारलं तेव्हा मी ताईबद्दल सगळं सांगितलं, म्हणून त्यांनी जास्तच निगुतीने पाहिलं. ताईचं दुखणं निराळं होतं. तिच्या अंगात प्राणवायू कमी असलेलं निळं रक्त मिसळत होतं, म्हणून रडली की ओठ निळे व्हायचे. ओवीच्या भोकातून शुद्ध रक्तच डावीकडून उजवीकडे जातं, तिला प्राणवायू कमी पडत नाही. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी नर्सने हाताला आणि पायाला लाल दिव्याचा चिमटा लावला होता ना, तो त्याचसाठी. रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर हवं असतं, हिचं ९८ होतं. आणि आई, तुम्ही दोघांनी तेव्हा जे केलंत त्याहून जास्त कोणालाही करता आलं नसतं. बाबा, हे वाक्य तिला दोनदा वाचून दाखवा.

आम्ही नुसतं देवावर हवाला ठेवून बसलेलो नाही. दूध पिताना दमते का, कपाळाला घाम फुटतो का, श्वास भराभर चालतो का, वजन अडतं का, हे आम्ही दोघंही बघतो. ती शांत झोपली की मोबाइलवर मिनिट लावून श्वास मोजते. मिनिटाला ५० च्या वर जाऊन तसेच राहिले, किंवा ओठ-जीभ निळी वाटली, तर उठून सरळ हॉस्पिटल, फोन नंतर. अजून यातलं काही नाही. जन्मतः २.८ किलो होती, आता पावणेपाच आहे. मांड्यांना वळ्या पडल्यात. दहा आठवड्यांची लसही झाली. लशी अजिबात चुकवायच्या नाहीत, त्यामुळे बाबा, "इतक्या सुया कशाला" हे आता बंद.

आणि एफडी मोडायची नाही. सध्या खर्च आहे तो तपासणीचा. लागलंच कधी, तर समीरच्या ऑफिसचा विमा आहे. परळचं वाडिया खास मुलांचं हॉस्पिटल आहे. खारघरला श्री सत्य साई संजीवनीत मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. मुंबईत आहोत, हाताशी सगळं आहे. तो पैसा तुमच्या म्हातारपणाचा आहे, त्याला हात लागलेला मला चालणार नाही.

गणपतीचं. प्रवासाला डॉक्टरांची ना नाही. पण आपल्या घरात त्या पाच दिवसांत किती माणसं असतात! प्रत्येक जण तिला उचलणार, पापे घेणार, कोणाला तरी खोकला असणारच. एवढ्या लहान बाळाची छाती भरली तर ते तिलाच जड जाईल, आणि हिच्या बाबतीत मला तेवढाही धोका नको. सुधाकाकूला "नको घेऊ" असं तोंडावर म्हणायला तुम्हालाही जमणार नाही. मलाही खूप वाईट वाटतंय. मोदकांच्या उकडीचा वास, बाबांचा आरतीतला खडा आवाज, तिला पहिल्याच वर्षी हे सगळं मिळायला हवं होतं. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल करा, फोन समईपासून लांब धरा.

तिच्या सहाव्या महिन्यात पुन्हा इको आहे. तो झाला की दिवाळीच्या सुमारास येऊ आणि चांगले पंधरा दिवस राहू. तोवर माझं ऐका. बाबा, मखर काढायला माळ्यावर स्वतः चढू नका, खालच्या आळीतल्या मुलाला बोलवा. बीपीची गोळी रोज सकाळी, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आई, साखर तपासून घे आणि हरतालिकेचा कडक उपास यंदा करू नकोस, फळं खा. ओवीसाठी नवस बोलली असशील तर असू दे, पण अनवाणी डोंगर चढायचा नाही, गुडघे तुझे आहेत.

आणि माळ्यावरचा माझा पाळणा उतरवून ठेवा. दोऱ्या नव्या घालून घ्या, जुन्या उंदरांनी कुरतडल्यात.

तुमची,
मनी