शाळा सुटल्यावर गेटला कुलूप कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा पाचला सुटते, दिवाळीपर्यंत लगेच गेटला कुलूप लागायचं आणि गावातलं सगळ्यात मोठं मैदान, खोल्या, पाण्याची टाकी सगळं सकाळपर्यंत बंद. पोरं मग पारावर मोबाईल घेऊन बसायची. ज्यांचे आईबाप शेतात नाहीतर एमआयडीसीत असतात त्यांच्या घरी दिवेलागणीपर्यंत कोणीच नसतं.

दिवाळीनंतर आम्ही काही पालकांनी मुख्याध्यापकांना विनंती केली आणि संध्याकाळी गेट उघडं राहायला लागलं. एसटीतून रिटायर झालेले एक काका लेझीम शिकवतात, सुतारमामा शनिवारी पोरांच्या हातात रंधा देतात, बचत गटातल्या एक ताई गोष्टी वाचून घेतात. लेझीमचं मुद्दाम सांगते, सुरुवातीला सातवीतल्या मुली भिंतीला टेकून नुसत्या बघत उभ्या राहायच्या, कारण मैदान म्हणजे पोरांचं क्रिकेट हे ठरलेलंच, मग काकांनी सोमवार-गुरुवार मैदान फक्त लेझीमला असं सांगूनच टाकलं आणि आता पुढच्या रांगेत त्याच असतात, हलगीचा ताल चुकला तर वाजवणाऱ्याला थांबवतात सुद्धा! जे बाप कधी पालकसभेला फिरकले नव्हते ते पोरांना न्यायला येतात, थांबतात, गुरुजींशी बोलतात. वर्गाचे फुटलेले कौल त्यांनीच बदलले, कोणी सांगितलं नव्हतं.

पण हे सगळं एका माणसाच्या मर्जीवर चाललंय. शेजारच्या गावात विचारलं तर काही झालं तर जबाबदार कोण, लाईट बिल कोण भरणार, म्हणून नकार आला. त्यांना तरी काय बोलणार, हातात लेखी काहीच नाही ना.

खरं तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट आहे की शाळेची इमारत शाळेच्या वेळेनंतर समाजासाठी 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून वापरता येईल. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. मग चावी या समितीकडे द्यायला काय हरकत आहे?

शिक्षण विभागाने एक साधं परिपत्रक काढावं. समितीने ठराव केला की मैदान आणि एखादी खोली संध्याकाळी उघडी, लाईट बिलाचा भार ग्रामपंचायतीवर, शिकवायला येणाऱ्याचं नाव रजिस्टरला आणि मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, एकटं कोणी नको. शिक्षकांवर मात्र सक्ती अजिबात नको, निवडणूक, सर्वे, ऑनलाईन माहिती यातच ते बिचारे दमलेले असतात.

आमच्या मुख्याध्यापकांची येत्या मे महिन्यात बदली होईल असं ऐकतेय, त्याच्या आत हे कागदावर यावं एवढीच कळकळीची विनंती.

एक पालक,
ता. खटाव, जि. सातारा