दिवाडीचे कपेल आधी काय होते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला गोव्यातल्या दिवाडी बेटाविषयीचा लेख वाचला आणि संताप आला. पिएदादच्या चर्चशेजारी, दफनभूमीत असलेल्या कपेलाला, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराला, लेखकाने 'पोर्तुगीज शिल्पकलेचा देखणा नमुना' म्हटले आहे. ते कपेल म्हणजे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीच्या कदंब राजांच्या काळातल्या देवळाचा उरलेला भाग आहे. तिथले छत पाहा, दगडी जाळी पाहा. लेखक आत गेले होते का?

१९८८ साली मी डिचोली तालुक्यात शिक्षक होतो. सातवीची मुले घेऊन नार्व्याच्या फेरीबोटीने दिवाडीला गेलो. कपेलाचे दार बंद होते. आम्ही उन्हात उभे राहिलेले पाहून वाटेवरच्या घरातली एक म्हातारी बाई उठली, किल्ली मागवली आणि स्वतः मेणबत्ती धरून आत आली. आदल्या वर्षी माझ्याबरोबर तांबडी सुर्लाचे कदंबकालीन देऊळ पाहायला आलेला एक मुलगा जाळीवर बोटे फिरवत म्हणाला, "सर, हे तर देऊळ!" बाई त्याला म्हणाली, "सवकास, पुता. तें पोरनें आसा." (हळू, बाळा. ते जुने आहे.) बारा वर्षांच्या पोराला जे दिसले आणि त्या बाईने जे जपले, ते तुमच्या अर्ध्या पानाच्या लेखात एका ओळीनेही येऊ नये याचे मला फार वाईट वाटले. हे लिहिण्यात कुणाशी भांडण नाही. प्रार्थना चालू राहिली म्हणून त्या भिंती उभ्या राहिल्या, हेही लिहा. पण आधी तिथे काय होते ते लिहा.

दुसरी चूक त्याहून मोठी. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये सप्तकोटेश्वराचे देऊळ बांधवले ते दिवाडीत नव्हे, नदीपलीकडच्या डिचोलीतल्या नार्व्यात. दिवाडीतल्या नार्व्याचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडले होते. कदंब राजे ज्याचे नाव आपल्या नाण्यांवर घालत, त्या देवाचे लिंग भाविकांनी नदीपार नेले. नार्वे दोन आहेत हे फेरीवरच्या कुणालाही विचारले असते तरी कळले असते.

आता लिहायला बसलोच आहे तर हेही सांगतो. जुन्या गोव्यात सेंट काजेतान चर्चजवळच्या आदिलशहाच्या वाड्याच्या दाराला तुम्ही मागे 'कमान' म्हटले होते. ती कमान नाही. उभे खांब आणि वर आडवी तुळई, अशी देवळाच्या घडणीची ती रचना आहे, आणि दगड काळा, जांभ्याच्या मुलखात लांबून आणलेला. त्याबद्दल मी पत्र पाठवले होते. ते छापले नाही, पोचही दिली नाही.

या वेळी दुरुस्ती छापावी, आणि लेख जिथे होता त्याच पानावर छापावी. कपेलाच्या जाळीचा स्वच्छ फोटोही द्यावा. कालचा फोटो इतका काळा होता की त्यात काहीच दिसत नव्हते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली