कापडाखालच्या ओलीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इमारतींना कार्बन फायबरचे कापड गुंडाळून नवे आयुष्य देण्याविषयीचा जो लेख प्रसिद्ध झाला आहे, तो मी काल सकाळी एकदा आणि दुपारच्या चहानंतर पुन्हा एकदा वाचला. लेखकांची भाषा प्रसन्न आहे, छायाचित्रे सुरेख आहेत आणि लेखात सरळसरळ खोटे असे एकही विधान नाही, हे आधीच मान्य करतो. माझी तक्रार आहे ती जे लिहिलेले नाही त्याबद्दल. एवढ्या ऐसपैस लेखात गळतीचा साधा उल्लेखही नाही आणि पुण्यातल्या ज्या तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्यांना उद्देशून तो लिहिला आहे, त्यांचे मुख्य दुखणे नेमके तेच आहे.

लेखकांनी स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नजवळच्या इबाख पुलाचा दाखला दिला आहे. १९९१ साली त्या पुलावर कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवण्यात आल्या आणि ज्या कामाला १७५ किलो पोलाद लागले असते ते ६.२ किलो वजनाच्या पट्ट्यांनी भागले, हे खरेच आहे. पण त्या पुलाला मुळात झाले काय होते, हेही लेखकांनी सांगायला हवे होते. वाहतुकीचे सिग्नल बसवण्यासाठी भोके पाडताना पुलाच्या आतील ताण दिलेल्या काही तारा चुकून तुटल्या होत्या. दुखापत एका जागची होती, कारण माहीत होते आणि भोके पाडणारा निघून गेल्यावर ती वाढणार नव्हती. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये पुलांच्या खांबांना असेच कापड गुंडाळले गेले, तेही पुढच्या धक्क्यासाठी. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या नहाणी ट्रॅपमधून झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे त्याच कॉलममध्ये मुरत असते आणि वरच्या सभासदाला संडास-बाथरूम फोडायला सांगण्याची कोणाची छाती होत नाही. दोन्ही रोगांना एकच औषध कसे चालेल?

मी स्ट्रक्चरल डिझायनर नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चाचणी प्रयोगशाळेत काँक्रीटचे क्यूब फोडण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे काँक्रीट कशाने मरते हे थोडेफार पाहिलेले आहे. चांगल्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ च्या आसपास असतो आणि त्या अल्कलीपणामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरला आणि सामू ९ च्या खाली गेला की तो थर जातो. मग ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, ती जागा मिळवण्यासाठी आतून कव्हर, म्हणजे सळईवरचे काँक्रीटचे आवरण, फोडतो आणि पार्किंगमधल्या गाडीच्या टपावर एके दिवशी खपली पडते. हे सारे आतून बाहेर घडते. त्यावर बाहेरून काय गुंडाळले याच्याशी गंजाला काडीचेही देणेघेणे नसते.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट सांगतो. तीच डोक्यात असल्यामुळे हे पत्र लिहायला बसलो आहे. इमारत सहकारनगर भागातली, खाली पार्किंग, वर चार मजले. स्ट्रक्चरल ऑडिट झाले, पार्किंगमधले कॉलम दुरुस्त करावेत असा अहवाल आला. सल्लागाराने सुचवले होते काँक्रीटचे जॅकेटिंग, म्हणजे जुने काँक्रीट ठोकून काढून, नव्या सळया बांधून, कॉलमभोवती चारही बाजूंनी चार-चार इंचांचा नवा थर. सभेत यावर जी चर्चा झाली तिच्यात कॉलमच्या भारक्षमतेवर कोणीही बोलले नाही. सगळी चर्चा कोणाच्या गाडीचे दार उघडणार नाही यावर झाली. अशा वेळी एका ठेकेदाराने मिलिमीटरभर जाडीच्या कापडाचा नमुना आणून टेबलावर ठेवला आणि ‘काका, हे पोलादाच्या दहापट मजबूत आहे’ असे सांगितले, तेव्हा ठराव किती मतांनी संमत झाला असेल हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी तेव्हा लेखी पत्र दिले होते. कापड चिकटवण्याआधी पोकळ वाजणारे काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढा, सळई घासून गंज काढा, मायक्रो काँक्रीटने किंवा पॉलिमर मॉर्टरने कॉलम पुन्हा भरा, फिनॉल्फ्थेलिन हे रसायन टाकून काँक्रीट गुलाबी होते का, म्हणजे त्याचा अल्कलीपणा शिल्लक आहे का, ते पाहा, आणि सर्वांत आधी वरच्या दोन संडासांची ड्रेनेज लाईन बदला. शिवाय पुल-ऑफ चाचणी मागितली होती: पृष्ठभागावर धातूची चकती चिकटवून ती यंत्राने ओढायची आणि काँक्रीट किती ताणाला तुटते ते मोजायचे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ४४०.२ आर या मार्गदर्शिकेत, जिचा आधार घेऊन आपल्याकडे अनेक सल्लागार या कामाची आकडेमोड करतात, हा आकडा किमान १.४ मेगापास्कल (हे ताण मोजण्याचे एकक) हवा असे म्हटले आहे. माझ्या पत्रावर इतिवृत्तात एक ओळ आली, ‘सूचनेची नोंद घेण्यात आली.’ नोंद घेण्याच्या कलेत आपल्या सहकारी चळवळीचा हात कोणी धरू शकणार नाही.

ठेकेदाराने काँक्रीटवर वायर ब्रश फिरवला, खड्डे पुटीने बुजवले, प्रायमर मारला आणि चार दिवसांत सगळे कॉलम काळे कुळकुळीत करून वर सोसायटीच्या गेटला शोभेल असा राखाडी रंग दिला. काटकोनी कडा किमान १३ मिमी त्रिज्येने घासून गोल करायच्या असतात, नाहीतर कडेवर तंतू दुमडून तुटतात; त्या तशाच राहिल्या. पहिल्याच पावसाळ्यानंतर कापडाच्या खालच्या कडेतून तांबूस ओघळ उतरू लागले आणि नाण्याने टकटक केले की जागोजाग पोकळ आवाज येऊ लागला. पुढच्या पावसाळ्यात जिन्याजवळच्या कॉलमचा एक तुकडा सुटून पडला. तो मी हातात घेऊन पाहिला. कापड शाबूत होते, ते चिकटवणाऱ्या इपॉक्सी या गोंदानेही पकड सोडलेली नव्हती. कापडाच्या पाठीला दीड इंच जाडीचे काँक्रीटचे कव्हर चिकटलेले होते आणि त्यावर सळईचा गंजका ठसा उमटला होता. ठेकेदाराला बोलावले, तर त्याने तोच तुकडा उचलून कमिटीला दाखवला आणि ‘बघा, आमचा माल तसूभरही फाटलेला नाही’ असे अभिमानाने सांगितले. ते अक्षरशः खरे होते. गॅरंटी कापडाची होती, कॉलमची कोणीच दिली नव्हती.

लेखातल्या ‘दहापट मजबुती’बद्दलही दोन शब्द लिहितो, कारण हा आकडा आता सोसायट्यांच्या सभांमधून मंत्रासारखा म्हटला जातो. कार्बनचा सुटा तंतू ओढून तोडला तर साडेतीन हजार मेगापास्कलच्या पुढे जातो आणि आपली जुनी सळई ४१५ ला नमते, इथपर्यंत हिशेब ठीक आहे. पण ताठपणात तो तंतू पोलादाच्या जवळपासच आहे, म्हणजे साधारण २३० आणि २०० गिगापास्कल. ती सगळी मजबुती कामाला लागायची तर तंतू बराच ताणला जावा लागतो, आणि तुळईच्या खाली चिकटवलेली पट्टी तेवढी ताणली जाण्याच्या पुष्कळ आधी काँक्रीटचा पापुद्रा घेऊन सुटते. त्यामुळे जाणकार डिझायनर त्या दहापटीतला थोडाच हिस्सा हिशेबात धरतो. नमुना टेबलावर ठेवणाऱ्याला ती अडचण नसते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कॉलमच्या आकाराची आहे आणि ती लेखकांनी पुण्यात बसून विसरावी याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. गोल खांबाला कापड गुंडाळले की ते सर्व बाजूंनी सारखे आवळते आणि त्यामुळे आतले काँक्रीट जास्त भार घेते. चपट्या कॉलमच्या लांब बाजूवर ही आवळण जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणूनच वर सांगितलेली मार्गदर्शिका म्हणते की बाजूंचे गुणोत्तर दोनाहून जास्त असेल, तर स्वतंत्र चाचण्यांचा आधार असल्याखेरीज या आवळणीचा फायदा धरू नये. आपल्याकडे हॉलमध्ये कॉलमचा कोपरा दिसू नये, तो भिंतीत गडप व्हावा, म्हणून बिल्डरांनी वर्षानुवर्षे नऊ इंची कॉलम घातले. आमचे कॉलम २३० बाय ६०० मिमीचे आहेत, गुणोत्तर २.६. भूकंपाच्या आडव्या धक्क्याने कॉलम तिरका चिरू नये म्हणून कापडाचा उपयोग होईल, तो मी नाकारत नाही. पण ‘कॉलमची ताकद वाढवली’ असे ज्या कागदावर लिहून आम्हांला दिले गेले, त्या कागदामागचा हिशेब अजून कोणी दाखवलेला नाही.

आणि आग. साध्या हवेत सुकवलेले इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. म्हणूनच हिशेबाचा एक दंडक असा आहे की कापड नाहीसे झाले असे समजूनही मूळ इमारतीने आपला स्वतःचा भार आणि वापराच्या भाराचा मोठा हिस्सा पेलला पाहिजे. सोप्या भाषेत, जी इमारत कापडाशिवाय उभी राहणार नाही ती कापडाच्या भरवशावर उभी ठेवायची नसते. ज्या पार्किंगमध्ये रात्रभर विजेवरच्या दुचाक्या चार्जिंगला लावलेल्या असतात तिथे तरी हे ठळक अक्षरांत छापायला हरकत नव्हती.

लेखाच्या शेवटी ओघात पेठांमधल्या वाड्यांनाही हेच तंत्र लागू करावे, असे सुचवले आहे. विटा, चुना आणि सागवान यांनी बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिला बाहेरून इपॉक्सीची कातडी चढवली की ओल आत कोंडते आणि तुळयांची टोके कुजतात. वाड्यांचे हाल करायला सिमेंटचा गिलावा पुरेसा होता.

माझा या तंत्राला विरोध आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. घट्ट, कोरड्या काँक्रीटवर, हिशेब करून, चाचणी घेऊन लावलेले कापड उत्तम काम करते. पण कुजलेल्या दातावर चांदीची टोपी बसवून देणारे आज गल्लोगल्ली झाले आहेत आणि त्यांच्या एका पूर्ण पान जाहिरातीसमोरच आपला हा लेख छापला गेला, हा योगायोग आहे असे मी सौजन्याने गृहीत धरतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्थैर्याचा दाखला आणावा लागतो. दाखला हवा, तोही स्वस्तात आणि पार्किंग न अडवता हवा, म्हणून सभासद रंगवलेले कापड पसंत करतात. ते सुटले की पुढच्या सभेत पुनर्विकासवाला बिल्डर हजर असतो आणि ‘दुरुस्ती करून पाहिलीत ना?’ असे विचारतो. आमच्याकडे तो आला आहे. जिन्याजवळच्या कॉलमचा मोबाईलवर काढलेला फोटो त्याच्या सादरीकरणात पहिल्या क्रमांकावर आहे आणि ज्या संडासांची लाईन बदलायला कोणी तयार नव्हते, ते दोन्ही सभासद संमतीपत्रावर सही करण्यात सर्वांत पुढे होते.

पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. कात्री लावायचीच असेल तर जाहिरातीविषयीचे वाक्य खुशाल गाळावे, परंतु आकडे आणि एकके यांना हात लावू नये ही नम्र विनंती. माझ्या मागील पत्रात आपल्या कार्यालयाने मिलिमीटरचे सेंटिमीटर करून टाकले होते आणि त्या हिशेबाने आमचे कॉलम दोन मीटरहून अधिक जाडीचे ठरले होते. त्याचा खुलासा मी पाठवला होता; तो अद्याप छापून आलेला नाही.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
सहकारनगर, पुणे
(पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा असल्याने नाव प्रसिद्ध करू नये.)