मोटर फिरली म्हणजे कॅमेरा चालू असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या बाजारातल्या वस्तूंवरचा लेख वाचला. त्यात घरगुती सिनेमाच्या जुन्या कॅमेऱ्यांबद्दल होतं, खाली मूठ असलेले ते सुपर एटवाले, म्हणजे आठ मिलिमीटर रुंद फिल्मवर चालणारे, आणि ‘चालू कॅमेरे अजूनही मिळतात’ असं एक वाक्य होतं. या एका वाक्यासाठी हे पत्र. कारण बाजारात चालू म्हणजे काय, तर विकणारा सेल टाकतो, ट्रिगर दाबतो, घर्रर्र आवाज येतो, झालं, पैसे द्या. आजकाल कॉलेजातली मुलं, लग्नाचं शूटिंग करणारी तरुण मंडळी हे कॅमेरे फार हौसेने घेतायत, मग फिल्म मागवतात, धुवून घेतात, स्कॅन करून घेतात, काही हजार रुपये जातात आणि फिल्मवर काहीच उमटलेलं नसतं. एक कार्ट्रिज, म्हणजे फिल्मची बंद डबी, ५० फुटांची, सेकंदाला १८ फ्रेम धरल्या तर ३ मिनिटं २० सेकंद, बस. एवढ्या महाग तीन मिनिटांआधी अर्धा तास कॅमेरा तपासायलाच हवा, आणि तो तपासता येतो, फिल्म न घालता.

पहिलं म्हणजे नक्की कुठला कॅमेरा आहे ते बघा. आत चपट्या प्लास्टिकच्या डबीची जागा असेल तर तो बहुतेक सुपर एट, कोडॅकने १९६५ मध्ये आणलेला. त्याच वर्षी फुजीने सिंगल एट आणला, त्याची डबी वेगळी, यात बसत नाही. दोन गोल चकत्यांची जागा असेल तर तो १९३२ पासूनचा जुना रेग्युलर एट, बरेचदा चावीचा. फिल्म मागवायच्या आधी एवढं बघितलं तरी खूप मनस्ताप वाचतो.

मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक जपानी सुपर एट आणलाय, विकणाराच ‘कॅमेरा मेलाय’ म्हणाला म्हणून स्वस्तात मिळाला. मेला वगैरे काही नव्हता, पेन्सिल सेल आतच राहून पाझरले होते आणि पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर बसला होता. अल्कलाइन सेलचा थर असेल तर कान साफ करायच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसायचा, थेंब आत जाऊ द्यायचा नाही, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवायचं. इतकंच केलं आणि मोटर फिरली. माझं मत असं की बंद म्हणून भंगारात जाणाऱ्या कितीतरी कॅमेऱ्यांचं दुखणं एवढंच असणार.

पण मोटर फिरली म्हणजे फक्त मोटर फिरली. दार उघडा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि फिल्म जिथून जाते त्या छोट्या चौकोनातून ट्रिगर दाबून बघा, शटरमुळे उजेड लुकलुकला पाहिजे आणि बाजूचा बारीक आकडा, म्हणजे हूक, खालीवर व्हायला पाहिजे, तोच फिल्म ओढतो. मग कार्ट्रिजमधली फिल्म गुंडाळून घेणारी चकती बघा. ती फिरत नसेल तर आकडा फिल्म ओढतो पण ती गुंडाळली जात नाही आणि कार्ट्रिजमध्येच अडकते, इकडे तुम्ही आवाज ऐकत आनंदाने शूटिंग करताय. खात्री करायची असेल तर मुदत संपलेली एखादी स्वस्त कार्ट्रिज मिळवा, तिच्या खिडकीत दिसणाऱ्या फिल्मवर पेनाने खूण करा, आत घालून दोन सेकंद चालवा, बाहेर काढा. खूण गेली असेल तर फिल्म सरकतेय. यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

आता लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि ती मुद्दाम केलेली असतेच असंही नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटरला वेगळे बटण सेल लागायचे, पाऱ्याचे, १.३५ व्होल्टचे. ते आता बनत नाहीत. दुकानदार त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन देतो, काटा हलतो, सगळे खूश. पण व्होल्ट जास्त असल्याने मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, तो भिंगातलं उजेडाचं भोक, म्हणजे ॲपर्चर, बारीक करतो आणि फिल्म अंधारी येते. यावर उपाय म्हणजे कानाच्या मशीनचे ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल, साधारण १.४ व्होल्टचे, श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतात. थोडे लहान असतात म्हणून भोवती तारेची किंवा रबराची रिंग लावावी लागते, आणि वरचा स्टिकर काढला की ते वापरात नसले तरी हळूहळू संपतात, तेव्हा शूटिंगच्या दिवशीच स्टिकर काढा. कॅमेऱ्यात ॲपर्चर हाताने लावायची सोय असेल तर मोबाइलवरच्या लाइट मीटर ॲपशी ताडून बघा.

आम्ही कोकणातले, त्यामुळे बुरशीबद्दल सांगायलाच हवं. टॉर्च मारून लेन्समध्ये तिरकं बघा, आत जाळीदार बारीक धागे दिसले तर घासाघीस करून किंमत पाडा किंवा सरळ सोडून द्या. कृपया यूट्यूब बघून झूम लेन्स खोलू नका, भिंगं परत बसवताना अंतर जराही चुकलं तर झूम करताना फोकस जातो. मात्र नुसतं व्ह्यूफाइंडरमध्ये धूसर दिसतंय म्हणून लेन्स खराब ठरवू नका, तिथे आपल्या डोळ्यानुसार फिरवायची रिंग असते, झूम पूर्ण पुढे करून लांबच्या वस्तूवर ती आधी लावून घ्या.

आणि हा कॅमेरा घरच्या माळ्यावर सापडला असेल तर एक कळकळीची विनंती, आधी आत फिल्म आहे का याचा विचार करा. सुपर एटचं दार उघडलं तर खिडकीतल्या मोजक्या फ्रेमच जातात, बाकी डबीत सुरक्षित राहतात. रेग्युलर एटची फिल्म उघड्या रिळावर असते, ते दार उजेडात उघडलं की बाहेरचे वेढे गेलेच, म्हणून ते पूर्ण अंधारातच उघडायचं. कोडाक्रोम ही कोडॅकची जुनी रंगीत फिल्म सापडली तर तिची रंगीत धुलाई आता होत नाही, अमेरिकेत कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या डिसेंबरअखेर ती घेणं थांबवलं, पण काळी-पांढरी म्हणून ती अजून धुता येते. कुणाचं बारसं, कुणाचे आजोबा त्यात असतील, भंगारवाल्याला देऊ नका.

संपादक साहेब, तुमच्या वाचकांत हे कॅमेरे पूर्वी उघडून दुरुस्त केलेले मेकॅनिक नक्की असतील. पुरवणीत त्यांच्यासाठी थोडी जागा द्या आणि त्यांना लिहितं करा, त्यांना काय माहीत आहे ते आम्हाला पाहिजे आहे.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी