मारुती ८०० खास आपल्यासाठी नव्हती हो

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मारुती ८०० चा लेख आवडला, जुने दिवस आठवले, पण ती गाडी खास भारतासाठी बनवली असं त्यात लिहिलंय ते काही पटलं नाही. १९८३ ला आपल्याकडे आली ती मुळात सुझुकीची १९७९ ची अल्टो-फ्रोंटे. जपानात तिला ५५० सीसीच्या आतलं इंजिन, कारण तिकडचा तेव्हाचा नियमच तसा, बाहेर विकायला ७९६ सीसीचं बसवलं, मुख्य फरक तो.

हा नियम म्हणजे सगळी गंमत आहे. तिकडे छोट्या गाड्यांना 'केई' म्हणतात, म्हणजे हलकी. १९५५ ला सरकारने ठरवलं की इंजिन ३६० सीसीच्या आत असेल तर टॅक्स कमी (ही मर्यादा पुढे ५५० झाली), मग कंपन्यांनी त्याच मापात काय काय कोंबलं विचारू नका! सुझुकीची सुझुलाइट त्याच वर्षी आली, टू स्ट्रोक आणि चक्क फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. नंतर सुबारू ३६० आली १९५८ ला, ती बनवणारी मंडळी आधी नाकाजिमा कंपनीत लढाऊ विमानं बनवायची, युद्धानंतर विमानं बंद झाली. गाडीचं वजन फक्त ३८५ किलो, छप्पर फायबरचं, विमानवाल्यांना वजन कमी करायचं कोण शिकवणार? लोकांनी लाडाने तिचं नाव ठेवलं तेन्तोमुशी, म्हणजे लेडीबग.

आणि १९७९ च्या अल्टोची आयडिया तर आपल्याकडच्या व्यापाऱ्याला शोभेल अशी, प्रवासी गाडीला टॅक्स जास्त म्हणून तिला मालवाहू व्हॅन म्हणून पास करून घेतली, मागची सीट नावापुरती, किंमत ४ लाख ७० हजार येन, धडाधड खपली.

आम्ही इचलकरंजीचे, घरात माग, त्यामुळे मला सगळ्यात जास्त कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. सुझुकी कंपनीचे संस्थापक मिचिओ सुझुकींनी १९०९ ला हमामात्सुत कारखाना टाकला तो मागांचा होता. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले मग आपण काय करत बसलोय!

तेवढी दुरुस्ती छापा. आणि जमलं तर त्या सुबारूवर पण एकदा लिहा, फोटो मोठा टाका.

आपला,
एक जुना वाचक, इचलकरंजी